पायऱ्या आहेत का, आधी ते बघ

डिसेंबरात जबलपूरला येतेस, आठ दिवस राहतेस आणि भाड्याची गाडी करणार नाहीस, हे ऐकून बरं वाटलं. तुझे बाबा फोनवर म्हणाले, "तिथे पायी फिरण्यासारखं आहे काय? संगमरवराचे कडे आणि धुवांधार धबधबा, एका दुपारचं काम." ते सतराव्या वर्षी इथून गेले आणि नंतर लग्नकार्याला तेवढे आले. त्यांचं ऐकू नकोस.

हे गाव खणणाऱ्यांचं आहे. गोंड राजांनी तळी खणली, जुने लोक अजून 'बावन ताल' म्हणतात. नंतर कोणी घरांसाठी दगड काढला, कोणी कौलं आणि बरण्यांसाठी चिकणमाती, कोणी चुनखडक, सिहोऱ्याकडे कोणी लोखंडाची माती. माणसं गेली, खड्डे राहिले आणि त्यात पाणी साठलं. त्यामुळे इथे चालायला निघालं की एक डोळा पाण्यावर आणि एक काठावर ठेवावा लागतो. तुझे आजोबा, आमचे अण्णा, अरुंद रुळांच्या छोट्या लाइनवर गार्ड होते. सुट्टीच्या दिवशी ते आम्हा दोघा भावंडांना असंच गाडीने लांब नेऊन चालत परत आणायचे. त्यांनी जे सांगितलं त्यात माझी पन्नास वर्षांची पायपीट मिसळून तुला देते. पटेल ते घे.

परतीची गाडी आधी

कुठे जायचं ते मागाहून ठरव. तिथून शेवटची गाडी किती वाजता सुटते, ते आधी विचार. मध्य प्रदेशात एसटी नाही. राज्याचं परिवहन महामंडळ २००५ च्या सुमारास गुंडाळलं गेलं, तेव्हापासून गावोगाव खासगी बस धावतात. त्यांना वेळापत्रक असतं, पण ते कंडक्टरच्या डोक्यात. गाडी भरली की निघते आणि भरली नाही तर थांबते, म्हणून उशिरा येईल या भरवशावर बसशील तर ती लवकर गेलेली असेल.

माझी अशी फजिती झाली आहे. कटंगीच्या रस्त्यावर एका गावात मला साडेसहाची गाडी सांगितली होती. बाजाराचा दिवस होता, गाडी पावणेसहालाच भरली आणि गेली. मी सहाला नाक्यावर पोचले तेव्हा चहावाला भांडी घासत होता. रात्र एका मास्तरणीच्या ओट्यावर काढली. तिने वरण-भात वाढला आणि वर ऐकवलंही, "बाई, तुम्हाला शाळेत वेळ शिकवली नाही का?" तेव्हापासून माझा नियम असा की आपली गाडी नेहमी शेवटून दुसरी. शेवटची गाडी नशिबासाठी राखून ठेवायची.

वेळ दोघांना विचार, एक चहावाला आणि दुसरा सकाळी तुला सोडणाऱ्या बसचा कंडक्टर. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर जी वेळ आधीची ती खरी धर. डिसेंबरात साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा चालणं साडेचारला संपलेलं बरं.

शहरात 'मेट्रो बस' म्हणतील, दचकू नकोस. इथे मेट्रो नाही, ती आपली साधी शहर बस. भेडाघाटला तीच जाते. रेल्वेने जायचं असेल तर इटारसीकडच्या लाइनवर भेडाघाट स्टेशन आहे आणि कटनीकडच्या लाइनवर गोसलपूर, सिहोरा रोड. या स्टेशनांवर मोठ्या गाड्या फारशा थांबत नाहीत, म्हणून आदल्या रात्री रेल्वेच्या अ‍ॅपवर बघून ठेव. जानेवारीत धुक्याने उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांचं काही खरं नसतं, पण तू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतेस ते ठीक.

लांब उतर, घराकडे तोंड करून चाल

स्वतःची गाडी असली की माणूस जिथे ती लावली तिथेच परत येतो, त्यामुळे वाट अर्धी होते आणि दोनदा होते. आपल्याला ते बंधन नाही. सकाळी ताजी असताना गाडीने लांबच्या टोकाला जा आणि शहराच्या दिशेने चालत ये. जसजशी जवळ येशील तसतशा रिक्षा वाढतात. पाय दुखले, ऊन चढलं, चप्पल तुटली तरी अडचण दर पावलाला कमी होत जाते. उलट केलंस तर दर पावलाला वाढते.

पहिल्या दिवशी हे कर. मेट्रो बसने भेडाघाटला जा. चौसष्ट योगिनींच्या देवळात चढून जा, ते कलचुरींच्या काळातलं, साधारण दहाव्या शतकातलं आहे. मग धुवांधार बघ आणि तिथून नर्मदेच्या वरच्या अंगाने लम्हेटाघाटावरून तिलवाराघाटापर्यंत काठाकाठाने ये. तिलवाऱ्याला नागपूरचा रस्ता लागतो, तिथे वाहनांना तोटा नाही. याच भागात १९३९ मध्ये काँग्रेसचं त्रिपुरी अधिवेशन भरलं होतं. त्रिपुरी म्हणजे आजचं तेवर, कलचुरींची राजधानी, भेडाघाटच्या रस्त्यावरच आहे. बसच्या खिडकीतून पाटी दिसेल.

रेल्वेने येऊन भेडाघाट स्टेशनावर उतरलीस तर धबधब्यापर्यंत चालत तास-दीड तास धर. आणि एक सांगते, रूळ हा रस्ता नव्हे आणि रेल्वेचा पूल तर नाहीच. गावातली माणसं सायकल घेऊन जाताना दिसतील, तू जाऊ नकोस. गार्डाची नात आहेस.

'ताल' ऐकून उतरू नकोस

बसमध्ये कंडक्टर ओरडतो, रानीताल, चेरीताल, हाथीताल, भंवरताल. तू दुर्बीण काढून उतरशील आणि समोर पाणी नसेल. रानीतालवर क्रीडांगण आहे, चेरीताल आणि हाथीताल या वस्त्या झाल्या, भंवरताल ही बाग आहे. लोक सांगतात की रानीताल राणी दुर्गावतीचं, चेरीताल तिच्या दासीचं आणि आधारताल तिच्या आधारसिंग नावाच्या दिवाणाचं. राणी १५६४ मध्ये मोगलांशी लढताना पडली. तिघांपैकी दिवाणाच्याच नावाचं पाणी शिल्लक आहे.

पाणी बघायचं तर हनुमानताल, सूपाताल, आधारताल, देवताल असा माग काढ. सगळ्यात निवांत म्हणजे मदनमहालच्या टेकड्यांमागचं संग्राम सागर. संग्रामशाह हा सोळाव्या शतकातला गोंड राजा, दुर्गावतीचा सासरा. काठावर बाजनामठाचं भैरवाचं देऊळ आहे. तिथे सकाळी साडेसहाला पोच. थंडीत अडईंचे थवे शिट्ट्या मारत उठतात, चांदव्यांची काळी गर्दी असते आणि पानांवरून कमळपक्षी पाय मोजत चालतो. जिथे जलपर्णी सगळं पाणी झाकून बसली असेल तिथे वेळ घालवू नकोस. इथे तिला जलकुंभी म्हणतात. हिरवी सतरंजी छान दिसते, पण तिच्याखाली उजेड जात नाही, मासे घुसमटतात आणि मासा नाही तर पक्षीही नाही.

मदनमहालचा तोल सांभाळून उभा असलेला दगड वाटेवरच आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात गावातली घरं तडकली, हा दगड मात्र हलला नाही. फोटो काढ आणि पुढे चल. त्याला ढकलायचा प्रयत्न करणारे बरेच भेटतील, त्यांच्यात मिसळू नकोस.

पायऱ्या आहेत का, आधी ते बघ

हा खरा कानमंत्र. बाकी सगळं विसरलीस तरी एवढं लक्षात ठेव.

तुझे बाबा दहा वर्षांचे होते, मी आठ. मदनमहालच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी दगड फोडायचे, तिथून आम्ही उतरत होतो. ऑक्टोबरचं ऊन. खाली निळंशार पाणी दिसलं, आरशासारखं. दादा धावत सुटला. अण्णांनी मागून बखोट धरलं तेव्हा त्याचं एक पाऊल काठाबाहेर होतं. अण्णा रागावले नाहीत. ते काठावर पालथे झोपले, पिशवीतून हिरव्या झेंड्याची काठी काढली आणि काठाला लावून पाण्यात सोडली. काठी गेली, मनगट गेलं, कोपर गेलं. कुठेच तळ लागला नाही. दादाची छाती अजून वर-खाली होत होती. अण्णा उठून शर्ट झटकत म्हणाले, "इथे पायऱ्या कुठे आहेत ते शोधा." आम्ही चारी बाजूंना फिरलो. पायऱ्या नव्हत्या.

तिथून त्यांनी आम्हाला थेट देवतालवर नेलं आणि घाटाच्या पायऱ्या मोजायला लावल्या. दादाने पाण्याबाहेरच्या मोजल्या, मी पाण्यातल्या दिसत होत्या तेवढ्या. अण्णा म्हणाले, "पायऱ्या असतील ते तळं. माणसाने उतरावं म्हणून कोणीतरी बांधलंय. पायऱ्या नसतील ती खाण. तिथून काहीतरी बाहेर काढायचं होतं, आत कोणी उतरावं असं कोणाच्या मनात नव्हतं."

नंतर मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा याचं कारण मुलांना फळ्यावर काढून दाखवायची. तळं करताना टेकडीवरून येणारं पाणी एका बाजूला पाळ घालून अडवतात. बाकीच्या तिन्ही बाजूंना जमीन आपल्या मूळच्या उतारावर असते, म्हणून पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला लागत जातं. खाण वरून सरळ कापत नेतात. काठ सुटला की एकदम खोली. वरचं हातभर पाणी उन्हाने कोमट असतं आणि खालचं इतकं गार की अंग आखडतं. तळाशी फोडलेल्या दगडांचे ढीग, कधी तारा, कधी मोडकी शिडी असते. आणि काठ भक्कम दिसला तरी सुरुंगांनी आतून भेगाळलेला असतो, पावसाळ्यानंतर तर अधिकच. म्हणून खाणीच्या काठापासून आपल्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवायचं आणि फोटोसाठी मागे सरकत जायचं नाही.

पायऱ्या दिसल्या नाहीत तर म्हशी बघ. जिथे म्हैस उतरते तिथे उतार असतो, तिच्याइतकी चांगली मोजपट्टी नाही. आणि पायऱ्या असोत वा म्हशी असोत, अनोळखी पाण्यात पाय धुवायचे, पोहायचं नाही.

माती ओळखून पाय टाक

काळी माती. पाटण, शहपुराच्या बाजूचा पट्टा 'हवेली' म्हणून ओळखला जातो. वाडा नव्हे, शेतीची पद्धत. शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालायचा, पावसाचं पाणी शेतातच कोंडायचं, सप्टेंबर सरता सरता किंवा ऑक्टोबरात ते सोडायचं आणि त्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरायचा. म्हणजे दोन-तीन महिने मैलोन् मैल शेतं तळी झालेली असायची, बगळे आणि करकोचे त्यात उभे असायचे. नळकूप आणि सोयाबीन आल्यावर ही रीत बरीच मागे पडली, तरी बांध अजून आहेत आणि तेच चालायचे रस्ते. डिसेंबरात दोन्ही बाजूंना मटार असेल. जबलपूरचा मटार नावाजलेला आहे, शेतकऱ्याने मूठभर दिला तर नाही म्हणू नकोस आणि न विचारता एक शेंगही तोडू नकोस.

सकाळी दव असतं तेव्हा काळ्या मातीत उतरू नकोस. पाच पावलांत बूट किलोभराचा होतो आणि दहाव्या पावलाला पाय बुटातून बाहेर येतो. बांधाच्या माथ्यावरून चाल. माती लागलीच तर दगडाने खरवडू नको, तळवा फाटतो. तुरीची वाळकी काठी घे. दहा वाजेपर्यंत चहा पी, मग जमीन धरते.

लाल माती. गोसलपूर, सिहोरा ही लोखंडाची जमीन. आगरिया लोक फार पूर्वीपासून इथलं खनिज मातीच्या भट्टीत वितळवत आले. जुन्या जागांवर काळे, जड, बुडबुडे गोठलेले तुकडे सापडतात, तो लोखंडाचा कीट. हातात घेतलास की वजनाने कळेल. इथल्या खड्ड्यांतलं पाणी चहासारखं लाल असतं, तळ दिसत नाही. घोटाभर वाटणारं पाणी पुरुषभरही असू शकतं. आणि सगळ्याच खाणी बंद नाहीत. लाल झेंडा, शिट्टी किंवा भोंगा दिसला-ऐकला की मागे फिर, सुरुंग असतो. चौकीदार दिसला तर लपून जाऊ नकोस, स्वतःहून जाऊन विचार. तो नाही म्हणाला तर नाही.

पांढरी माती. हिला छुई म्हणतात, घरं सारवायला आणि पोतारायला वापरतात. बायका टेकडीच्या पोटात बिळं करून ती काढतात आणि आतल्या बाजूला पोखरत जातात. अशी बिळं ढासळून माणसं गेल्याच्या बातम्या या मुलखातून येत राहतात. सावली म्हणूनसुद्धा आत बसू नकोस.

आणि दगड. भेडाघाटला मूर्ती, दिवे, पेपरवेट विकायला असतात. संगमरवर म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा गोरा पत्थर, आपला शंखजिरा असतो. दुकानदाराकडून कपची मागून घे आणि नखाने ओढ. ओरखडा उठला तर गोरा पत्थर, नाही उठला तर संगमरवर. गोरा पत्थर कमी प्रतीचा असं समजू नकोस. तो मऊ असतो म्हणून तर कारागिराला त्यात जाळी कोरता येते. भाव मात्र त्याचाच द्यायचा.

वाट अशी विचारायची

"ये रास्ता तिलवारा जाता है क्या?" असं विचारलंस तर उत्तर "हाँ" असंच येईल. खोटेपणा नसतो त्यात, पाहुण्याला नाही म्हणायची जीभ वळत नाही. शिवाय सगळे रस्ते कुठेतरी तिलवाऱ्याला जातातच. म्हणून विचार, "तिलवारा किधर से जाते हैं?" मग माणूस थांबतो, हात वर करतो आणि झाड, देऊळ, विहीर अशा खुणा सांगतो.

किलोमीटर विचारू नकोस, वेळ विचार, आणि तो म्हणेल त्याच्या दीडपट धर. बायका-मुलांना विचारलंस तर पायवाटेची खात्रीची माहिती मिळते, पुरुष मोटरसायकलचा रस्ता सांगतात. नदीकाठी भेटलेल्या माणसाला आधी "नर्मदे हर" म्हण. पांढऱ्या कपड्यातला, हातात काठी नि कमंडलू घेतलेला दिसला तर तो परिक्रमावासी. त्याला वाट विचारलीस तर तो आपलीच सांगेल, कारण त्याला नदी उजव्या हाताला ठेवायची असते आणि ओलांडायची नसते. एखाद्या पोराने "काए बड्डे" म्हणून हाक मारली तर बावरू नकोस. इथे 'बड्डे' म्हणजे भाऊ, मित्र, सगळंच.

नर्मदामैयेचं पाणी उन्हातही चढतं

पाऊस नाही, आभाळ निरभ्र आहे, म्हणून नदीतल्या खडकावर निर्धास्त बसायचं नाही. वर बरगीचं धरण आहे, एकवीस दरवाजांचं, आणि त्याला वीजघर जोडलेलं आहे. तिथून पाणी सोडलं की खाली घाटांवर चढतं. नदीतल्या खडकावर जाण्याआधी काठावर एक खूण कर, एखादा गोटा पाण्याच्या रेषेवर ठेव. गोटा भिजला की उठायचं. फोटो अर्धा राहिला तरी उठायचं. पावसाळ्यात तर भेडाघाटच्या नावाच बंद असतात, तेव्हा खडकांचा विचारही नको.

बरगीला जाशील तर जलाशय बघून चक्रावशील, तो मंडल्याच्या दिशेने पंचाहत्तर किलोमीटर पसरलेला आहे. त्यात १६२ गावं गेली. काठावरच्या नावाड्याला विचार, तो पाण्याकडे बोट दाखवून सांगेल, तिकडे शाळा होती, तिकडे चिंच होती. ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं आणि गाळ उघडा पडतो. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, आत लोणी असतं. मी एकदा मांडीपर्यंत गेले. अशा वेळी पाय ओढायचा नाही, मागे बसायचं, वजन पसरायचं आणि आडवं होऊन सरपटत निघायचं. साडीची वाट लागली, पण मी निघाले. जिथे गुरांची ताजी वाट नाही तिथे गाळावर जायचं नाही, एवढं त्यातून शिकले.

मगर, आग्या मोहोळ आणि घोणस

डुमनाचं रान आणि त्यातला खंदारी जलाशय शहरापासून जवळच, विमानतळाच्या रस्त्यावर आहे. चितळ हमखास दिसतात. पण खंदारीत मगरी आहेत, परियट नदीतही आहेत. थंडीत त्या उन्हाला काठावर येतात. ओल्या मातीवर पोटाने घसरल्यासारखा गुळगुळीत पट्टा आणि दोन्ही बाजूंना पंजे दिसले की ती तिची पायरी आहे, तुझी नव्हे. पाण्यापासून लांब राहा आणि काठावर वाकून हात धुवू नकोस.

भेडाघाटच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. त्यांच्याखाली अत्तर, सिगरेटचा धूर आणि आरडाओरडा, तिन्ही वर्ज्य. बाहेर पडायच्या दिवशी केसांना सुगंधी तेलही नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नकोस, ओढणीने तोंड-मान झाक आणि पळ. पाण्यात उडी मारू नकोस, त्या वर थांबून राहतात.

खाणीतल्या दगडांच्या ढिगात हात घालायचा नाही. थंडीच्या सकाळी घोणस तापलेल्या दगडावर येऊन पडते आणि तिचा रंग दगडाचाच असतो. बसायच्या आधी काठीने आपट, मग बस.

उचलू नकोस, आणि सगळीकडे कॅमेरा काढू नकोस

ठगांच्या बंदोबस्तासाठी ज्याचं नाव झालं त्या स्लीमनला १८२८ मध्ये इथल्या बडा शिमला टेकडीपाशी काही दगडी हाडं सापडली. ती डायनोसोरची होती हे पुढे कळलं. भारतात सापडलेले हे डायनोसोरचे पहिले अवशेष. १८७७ मध्ये लायडेकर या शास्त्रज्ञाने त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव ठेवलं. ज्या थरांत असे अवशेष मिळतात त्यांना जगभरचे भूशास्त्रज्ञ 'लमेटा' थर म्हणतात, आपल्या लम्हेटाघाटावरून. तू पहिल्या दिवशी ज्या काठावरून चालशील तोच हा. हिरवट वालुकाश्म आणि चुनखडक दिसेल, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा. बघ, हात लाव, वहीत चित्र काढ. खिशात घालू नकोस. जागेवरून हललेला दगड काही सांगत नाही.

बडा शिमला टेकडीच्या बाजूला लष्करी सामानाचे कारखाने आहेत. तोफगाडीचा कारखाना १९०४ पासून आहे, नंतर वाहनांचा, दारूगोळ्याचाही आला. अशा भिंतीजवळ फोटो काढू नकोस आणि आडवाटेने टेकडी चढायला जाऊ नकोस. शिपायाने हटकलं तर ओळखपत्र दाखवून शांतपणे मागे फिर. स्लीमनला भेटायचंच असेल तर कटनीच्या गाडीने स्लीमनाबाद रोड स्टेशनावरून जा, खिडकीतून नावाची पाटी दिसते.

पिशवीत काय

दोन लिटर पाणी घरून. हातपंप दिसेल, पण खाणीच्या मुलखातलं पाणी पिऊ नकोस, लाल दिसलं नाही तरी. गूळ-शेंगदाणे, एक पोळीची सुरळी. दहा-वीसच्या नोटा, कारण खेड्यातल्या बसमध्ये फोनचं नेटवर्क असेलच असं नाही. वर्तमानपत्र, ते बसायला, पायात घालायला आणि ओल्या बुटात कोंबायला तिन्ही कामांना येतं. एक जास्तीची मोज्यांची जोडी. जाड सुती ओढणी. सकाळी सातला बोटं वाकत नाहीत आणि दुपारी एकला स्वेटर कमरेला बांधावा लागतो, तेव्हा एकावर एक पातळ कपडे घाल. दुर्बीण असू दे, पण गळ्यात नको, वस्तीतून जाताना पिशवीत ठेव. बायका घाटावर अंघोळ करत असतात.

शिंगाड्याच्या तळ्यापाशी थांब

सिहोऱ्याच्या बाजूला तळ्यांवर वेल पसरलेले दिसतील, त्रिकोणी पानांचे. तो शिंगाडा. ढीमर बर्मन मंडळी तो लावतात. माणूस थंडगार पाण्यात छातीभर उभा राहून किंवा छोट्या डोंग्यात बसून वेल उलटा करतो, खालची फळं खुडतो आणि वेल परत सुलटा ठेवतो. वेल दुखावला तर पुढची तोड येत नाही. मी एकीला विचारलं होतं, दिवसभर पाण्यात हात, काटे लागत नाहीत का? तिने तळवे दाखवले, पुस्तकाच्या जुन्या पानांसारखे पिवळे नि चिरलेले. म्हणाली, "काँटा तो पानी में ढीला हो जात है।" उकडलेले शिंगाडे तिच्याकडूनच घे, घासाघीस करू नकोस. आपण उपवासाला जे पीठ आणतो ते इथून सुरू होतं. डिसेंबरात तोड संपत आलेली असते, तेव्हा हा दिवस आधी ठेव.

सगळं एकदम करू नकोस

इथले चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ मध्ये, पन्नाशीला टेकलेले असताना, नर्मदा परिक्रमेला निघाले. नोकरी होती, संसार होता. ते तुकड्यांनी चालले. सुट्टीत जायचं, जमेल तेवढं चालायचं, वहीत चित्रं काढायची, घरी यायचं आणि पुढच्या वेळी जिथे थांबलो तिथूनच पुढे. असं वर्षानुवर्षं. २०१८ मध्ये ते गेले. सुरुवातीला ते ज्या काठाने चालले त्याचा बराच भाग आज बरगीच्या पाण्याखाली आहे, म्हणून जे आज दिसतंय ते आजच बघावं, हेही त्यांच्याकडूनच शिकायचं. अण्णांची छोटी लाइनही २०१५ मध्ये बंद झाली, आता तिथून रुंद रुळांची गाडी जाते.

शेवटचा दिवस माझ्यासाठी ठेव. मदनमहालच्या मागे त्या खाणीपर्यंत जाऊ, मला हळू चालावं लागेल. गेल्या वर्षी गेले होते. एका बाजूची दरड ढासळून ढासळून उतरती झाली आहे, तिथे पाणकणीस माजलं आहे आणि त्यात टिबुकली बुड्या मारत होती. मी अर्धा तास बसले. मग एक पोरगा काठी घेऊन आला, मागे चार म्हशी. त्या न थांबता खाली गेल्या, घोट्याला, गुडघ्याला, पोटाला पाणी लागलं तशा बसल्या.

तुझ्या बाबांना सांग, तिथे आता उतार झालाय. अण्णांची काठी अजून माझ्या कपाटामागे आहे, घेऊन येईन. तरीही आधी काठी लावून बघू.